अर्ध्या सेकंदाचा होल्ड

(व्हेंटिलेटरचा पडदा, जवळून)

तीन रेघा सरकताहेत: दाबाची, प्रवाहाची आणि आत गेलेल्या हवेची. यंत्र श्वास देतंय, एवढं कुणालाही दिसतं. तो श्वास फुफ्फुसांना सोसतोय का, हे मात्र या रेघांतूनच वाचावं लागतं.

(मोजपट्टी, सिस्टरांचे हात)

सिस्टर टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मोजताहेत. पेशंटचं वजन ७० किलो आहे, पण इथे ते कामाचं नाही. वजन वाढलं म्हणून फुफ्फुसं मोठी होत नाहीत. या बाईंची उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे सूत्राने वजन धरायचं साधारण ४३ किलो. किलोमागे ६ मिलिलिटर, तर एका श्वासाला २६०. खऱ्या वजनावर हिशेब केला असता तर ४२० मिलिलिटर आत गेले असते, तेही दर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा.

आणि फुफ्फुसं तरी किती उरलीत? त्यांना एआरडीएस आहे, म्हणजे फुफ्फुसांना सूज येऊन ती निकामी होत जाण्याचा गंभीर आजार. बराचसा भाग पाण्याने भरलाय. इटलीचे डॉ. लुचियानो गत्तिनोनी यांनी सीटी स्कॅनवरून या उरलेल्या भागाला नाव दिलं, ‘बेबी लंग’.

(बटणावर बोट)

आता नीट बघा. सध्या श्वास ३४० मिलिलिटरचा आहे. डॉक्टरांनी होल्डचं बटण दाबलं. हवा आत गेली आणि बाहेरची वाट अर्धा सेकंद बंद. प्रवाह शून्यावर. दाबाची रेघ ३६ च्या टोकावरून (हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात) उतरली आणि २९ वर सपाट झाली. मधले ७ नळीतून हवा ढकलण्यात गेले. वायुकोशांवर पडतो तो हा २९, प्लॅटो प्रेशर. श्वास सोडल्यावरही आत राखलेला दाब, म्हणजे पीप, १० आहे. तो वजा केला की उरतात १९. हे ड्रायव्हिंग प्रेशर. २०१५ मध्ये ब्राझीलचे मार्सेलो अमातो आणि सहकाऱ्यांनी साडेतीन हजारांवर पेशंटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं याच आकड्याचं निघालं. तो १५ च्या आत हवा.

पेशंट स्वतः जोर लावत असेल तर आकडा फसवतो. या बाई गाढ गुंगीत आहेत.

श्वास २६० वर आणला. पुन्हा होल्ड. प्लॅटो २४, वजा १०, चौदा!

लहान श्वासाने कार्बन डायऑक्साइड कमी बाहेर पडतो, म्हणून श्वासांची संख्या वाढवली, तरी रक्तात तो थोडा चढू दिला. अमेरिकेतल्या ८६१ पेशंटच्या चाचणीत, २००० साली, किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटरच्या श्वासाने मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले.

(चार्ट)

कोरोनात जिल्हा रुग्णालयांपर्यंत व्हेंटिलेटर पोचले. आयसीयूच्या यंत्रावर हे बटण सहसा असतंच. प्लॅटोचा रकाना चार्टवर छापा, आणि दर शिफ्टला तो भरणाऱ्या सिस्टरांना, रेसिडेंटना होल्ड घ्यायला शिकवा.