गाडी माझी, रंग कंपनीचा

[दृश्य: अंधार. ट्रक उभे असलेलं मोकळं यार्ड. टॉर्चचा एक ठिपका हलतोय.]

उजाडायला अजून तासभर अवकाश आहे. हातात टॉर्च घेऊन एक माणूस आपल्या गाडीभोवती फिरतोय. पुढच्या डाव्या टायरपाशी तो उकिडवा बसतो, अंगठ्याचं नख खाचेत घालून खोली बघतो, मग बाहेरच्या कडेवरून बोट फिरवतो. कड एकाच बाजूने घासलीय. म्हणजे अलाइनमेंट गेलं. म्हणजे ह्या आठवड्यात कधीतरी अर्धा दिवस गॅरेजमध्ये. तो अर्धा दिवस कोणाच्या खिशातून जाणार, हे त्याला कोणाला विचारावं लागत नाही.

तो उठतो आणि टॉर्चचा उजेड केबिनच्या दारावर पडतो. दारावर एका मोठ्या वाहतूक कंपनीचं नाव आहे, वीतभर उंचीच्या अक्षरांत. रंग कंपनीचा, बोधचिन्ह कंपनीचं. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाटेल, ही कंपनीची गाडी. पण गाडीच्या कागदांवर नाव आहे ह्या माणसाचं. हप्ता तो भरतो. विमा, डिझेल, टायर, ऑइल, दुरुस्ती, सगळं त्याच्याकडे.

ह्याला मालक-चालक म्हणतात. ह्या दोन शब्दांतला पहिला शब्द नेमका किती खरा आहे, ते आपण पुढच्या काही मिनिटांत बघणार आहोत.

[दृश्य: गाडी सुरू होते. डॅशबोर्डवरचे दिवे.]

हे काम निर्माण कसं होतं, ते आधी पाहू. मोठ्या कंपनीकडे माल असतो, पण तो वर्षभर सारखा नसतो. समजा, हंगामात शंभर गाड्या लागतात आणि मंदीत साठ. शंभरही गाड्या कंपनीने स्वतःच्या घेतल्या, तर चाळीस गाड्या कित्येक महिने नुसत्या उभ्या राहतील. उभ्या गाडीलाही हप्ता असतो, विमा असतो, तिच्या ड्रायव्हरला पगार असतो. म्हणून कंपनी साठ गाड्या आपल्या ठेवते आणि चाळीस मालक-चालकांच्या लावते. माल वाढला की फोन येतो. माल घटला की फोन येत नाही. उभ्या गाडीचा खर्च तेवढाच राहतो, फक्त तो सोसणारा बदलतो.

आणि चालकाला ह्यात काय मिळतं? पुष्कळ मिळतं, आणि ते कमी लेखू नये. वर्षानुवर्षं दुसऱ्याची गाडी चालवलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीची किल्ली हातात घेताना काय वाटतं, हे ज्याने पाहिलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. चढावर इंजिनचा आवाज जरा जड झाला तरी त्याच्या कानाला कळतं. क्लच तो जपून दाबतो. ग्रीसिंगची तारीख चुकवत नाही. महिना चांगला गेला तर पगारी ड्रायव्हरपेक्षा जास्त पैसे घरी नेतो. हे सगळं खरं आहे, म्हणूनच माणसं ह्यात उतरतात.

[दृश्य: काँक्रीट मिक्सरची गाडी, फिरणारा ड्रम.]

पण ही माणसं मालक आहेत की नोकर? हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात फार पूर्वी आला, आणि तो खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. गाडी होती तयार काँक्रीट पोचवणारी. रेडी मिक्स्ड काँक्रीट ह्या कंपनीने चालकाशी करार केला होता. चालकाने गाडी हप्त्यांवर घ्यायची, आणि तेही कंपनीच्याच जोडसंस्थेकडून. ती कंपनीच्या रंगात रंगवायची. कंपनीचा गणवेश घालायचा. गाडी दुसऱ्या कोणाच्या कामाला लावायची नाही. आपण कंपनीचे नोकरच आहोत असं समजून हुकूम पाळायचे. गाडीवरचा मिक्सर मात्र कंपनीचा. दुरुस्तीचा खर्च चालकाचा. पैसे मैलांच्या हिशेबाने.

वाद होता सामाजिक विम्याचा: ह्या चालकाची वर्गणी नोकरी देणारी म्हणून कंपनीने भरायची की नाही? डिसेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती मॅकेना यांनी निकाल दिला. त्यांनी हुकूम कोणाचा चालतो एवढंच पाहिलं नाही. गाडी कोणाच्या मालकीची, नफ्याची संधी कोणाची, तोट्याचा धोका कोणाचा, बदली ड्रायव्हर ठेवायची मुभा आहे का, हेही पाहिलं. आणि ठरवलं की हा माणूस स्वतःचा धंदा करतोय. करार नोकरीचा नाही, माल वाहून नेण्याचा आहे.

हा निकाल मी जितक्या वेळा वाचते, तितक्या वेळा गणवेशाच्या अटीपाशी थांबते. रंग, कपडे, हुकूम, सगळं कंपनीचं. चालकाचं स्वतःचं असं काय होतं? कर्ज, आणि कर्जावर घेतलेली गाडी. त्याला धंदेवाला ठरवायला तेवढं पुरलं.

[दृश्य: टेबलावर कागद. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.]

आता ही महिन्याची पट्टी, म्हणजे कंपनीने चालकाला दिलेला हिशेबाचा कागद बघा. वरची रक्कम मोठी आहे, डोळ्यात भरण्याजोगी. तिच्याखाली कपाती सुरू होतात. कंपनीच्या कार्डावर भरलेलं डिझेल. ट्रेलरचं भाडं, कारण ट्रेलर कंपनीचा. मालाच्या विम्यातला वाटा. गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचं मासिक शुल्क. एका फेरीत दोन खोकी दबलेली निघाली, त्याची भरपाई. अनामतीचा हप्ता. बोट ज्या ओळीवर थांबलंय ती शेवटची ओळ, आणि तिच्यातून गाडीचा हप्ता अजून जायचाय. टायरसाठी, क्लचसाठी, आजारपणासाठी बाजूला काढायचं ते त्याच्याही नंतर.

कपात होणं गैर नाही. त्रास होतो तो कपात कशाची आणि किती, हे आधी लिहिलेलं नसतं तेव्हा. अमेरिकेत ह्यासाठी नियम आहेत. चालकाने आपली गाडी कंपनीला लावताना करार लेखी हवा. मोबदला किती, इंधन कोणाचं, टोल कोणाचा, रिकाम्या फेरीचं काय, कशाकशाची कपात होणार, हे सगळं त्यात असावं लागतं. फेरीचे ठरलेले कागद जमा केल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार संपल्यावर ४५ दिवसांच्या आत अनामतीचा हिशेब चुकता करावा लागतो. कुठल्याही देशात करार करणाऱ्याने हीच यादी समोर ठेवून आपला कागद तपासावा. जी बाब कागदात नाही, ती कोणाच्या अंगावर येते हे पहिल्या महिन्यातच कळतं.

[दृश्य: माल उतरवून झालेली रिकामी गाडी लांब रस्त्यावर. ताडपत्रीचं टोक वाऱ्यात फडफडतंय.]

रिकामी फेरी. पट्टीत हिची ओळच नसते.

हिशेबापुरतं धरू या. भरलेल्या मोठ्या गाडीला १०० किलोमीटरला ३३ लिटर डिझेल लागतं, रिकामीला २४. माल ३०० किलोमीटर लांब पोचवायचाय. जाताना ९९ लिटर. परतीचं भाडं मिळालं नाही तर येताना आणखी ७२. भाडं ३०० किलोमीटरचं, डिझेल १७१ लिटरचं. टायर मात्र पूर्ण ६०० किलोमीटर घासले, आणि चालकाचा दिवसही पूर्ण गेला. दर ठरवताना "किलोमीटरला किती" हा प्रश्न सगळेच विचारतात. "भरलेल्या किलोमीटरला की चाललेल्या?" हा त्याच्या लगेच पुढचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला नवीन माणूस बिचकतो.

[दृश्य: गोदामाचं फाटक. ओळीने उभ्या गाड्या. घड्याळ.]

डिझेल निदान मोजता येतं. खोळंबा मोजायला माणसं विसरतात.

फोन येतो: "दादा, सकाळी सहाला गेटवर लागा, नाहीतर नंबर जाईल." दादा पावणेसहाला लागतात. माल उतरायला सुरुवात होते साडेदहाला. धक्का मोकळा नव्हता, कागदावरचा शिक्का मारणारा आला नव्हता, काहीही असू शकतं. पगारी ड्रायव्हरचे ते तास निदान हजेरीत तरी धरले जातात. मालक-चालकाचे ते तास करारात हॉल्टिंगचं, म्हणजे खोळंब्याच्या पैशांचं कलम असेल तरच पैशांत उतरतात.

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकी नियमानुसार चालकाला कामावर आल्यापासून १४ तासांच्या चौकटीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. फाटकावर गेलेले तास त्या १४ तासांतूनच जातात. युरोपात सलग साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते, आणि दिवसाला ९ तास चालवणं ही साधारण मर्यादा, आठवड्यातून दोनदा १०. हे नियम माणसाच्या जिवासाठी आहेत आणि हवेतच. पण सकाळचे पाच तास फाटकावर गेल्यावर, दुपारची फेरी सुटू नये म्हणून संध्याकाळी ज्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो, तो माणूस बेफिकीर असतो असं नाही. त्याच्या डोक्यात महिनाअखेर असते. रस्त्यावरची सुरक्षितता मला म्हणूनच भाड्याच्या दरापासून वेगळी काढता येत नाही.

[दृश्य: दूरवर ट्रकचे दिवे, रात्र.]

ऑस्ट्रेलियाने नेमकं हेच सूत्र धरून २०१२ मध्ये एक न्यायाधिकरण नेमलं. एप्रिल २०१६ मध्ये त्याचा मालक-चालकांसाठीचा किमान दर लागू झाला, आणि अनेक मालक-चालक स्वतःच विरोधात रस्त्यावर उतरले. कारण दराची सक्ती त्यांच्यापुरती होती. आपण महाग पडलो की काम मोठ्या ताफ्यांकडे वळेल, ही त्यांची भीती होती, आणि ती पोकळ नव्हती. त्याच महिन्यात ते न्यायाधिकरण रद्द झालं. २०२४ मध्ये तिथे पुन्हा कायदा झाला, पण ह्या वेळी किमान अटी ठरवण्याआधी सगळ्यांशी सल्लामसलत करण्याची अट घालून. अन्याय्य पद्धतीने करार तोडला तर दाद मागण्याची सोयही त्यात आली.

ही दाद मागण्याची सोय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. का, ते सांगते.

[दृश्य: दोन कागद शेजारी शेजारी. एकावर हप्त्यांचा तक्ता, दुसऱ्यावर करार.]

डावीकडे कर्जाचा तक्ता आहे: साठ हप्ते, पाच वर्षं. उजवीकडे कंपनीचा करार, आणि त्याच्या शेवटच्या पानावर एक कलम: कोणत्याही पक्षाला तीस दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येईल. वाचायला समसमान वाटतं. कंपनीलाही तीस दिवस, चालकालाही तीस दिवस. पण कंपनीने नोटीस दिली तर तिला दुसरी गाडी शोधायची आहे. चालकाला मात्र कंपनीच्या रंगातली, कंपनीच्या ट्रेलरच्या मापाने घेतलेली, कर्जात असलेली गाडी घेऊन दुसरी कंपनी शोधायचीय, आणि तोवर हप्ता चालूच राहणार. दर कमी करायचे असतील तर नोटीस प्रत्यक्षात द्यावीही लागत नाही. ती देता येते एवढं दोघांना माहीत असलं की पुरे.

बाकीच्या सगळ्या अडचणी, कपाती, खोळंबा, रिकामी फेरी, ह्या चालकाला बोलून सोडवता येतील. बोलायची हिंमत ह्या कलमाने जाते.

[दृश्य: संध्याकाळ. तेच यार्ड. आपला चालक केबिनच्या पायरीवर बसलाय. शेजारी विशीतला एक मुलगा, हातात प्लास्टिकची फाइल.]

हा मुलगा आत्ता दुसऱ्याची गाडी चालवतो. स्वतःची घ्यायचं चाललंय. कर्ज मंजूर झालंय.

"काका, दर बरा देतायत. भरलेल्याला किलोमीटरप्रमाणे."

"आणि परतीला?"

मुलगा गप्प.

"शेवटचं पान काढ."

तो पान काढतो. चालक चष्मा लावतो, कलमावर बोट ठेवतो आणि फाइल त्याच्याकडे वळवतो. मुलगा ओठ हलवत वाचतो. एकदा, मग पुन्हा.

"हे बदलून मागता येतं का हो?"

"मागून बघ. निदान सहा महिने माग. आणि हॉल्टिंग लिहून घे, तोंडी नको. गाडी घेतल्यावर विचारलंस तर ऐकणार नाहीत."

"आणि नाही म्हणाले तर?"

चालक लगेच उत्तर देत नाही. त्याचा फोन वाजतो. सकाळी सहा, तेच फाटक. तो "हो, लागतो" म्हणतो, खिशातली वही काढतो आणि मीटरचा आकडा लिहितो. मुलगा फाइल बंद करत नाही. तो पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागलाय, आणि उजेड कमी झालाय म्हणून चालकाने त्याच्या हातातल्या कागदावर टॉर्च धरलीय.