तांबं आधी, फिल्म नंतर

आजचा विषय एक्स्पोजरचा, म्हणजे घरी सर्किट बोर्ड करताना फिल्मवर प्रकाश पाडण्याचा, लक्षात आहे माझ्या. तिकडे येतोच. पण ही प्रकाशाने घट्ट होणारी फिल्म बोर्डाच्या तांब्यावर बसते कशी, हे बोलल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. घरी बोर्ड करणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार फिल्मचीच: फिल्म जुनी निघाली, फिल्म हलकी निघाली. माझं ठाम मत आहे, की बहुतेक वेळा दोष तांब्याचा असतो.

मीही काही महिने फिल्मलाच बोल लावत होतो. डेव्हलपरमध्ये, म्हणजे घट्ट न झालेली फिल्म धुऊन काढणाऱ्या सोड्याच्या पाण्यात, बोर्ड टाकला की बारीक ट्रॅक, म्हणजे तारांचं काम करणाऱ्या रेघांवरची फिल्म, सुटून तरंगायला लागायचे. सोडा कमी करून पाहिला, वेळ वाढवून पाहिली, दिवा बदलला, नवा रोलही आणला. मग एका रात्री घासलेला बोर्ड नळाखाली धरून तिरपा केला. पाणी सगळीकडे सपाट पसरलेलं. एका कोपऱ्यात मात्र ते मागे सरकलं आणि अंगठ्याएवढी कोरडी जागा उघडी पडली. बोर्ड उचलताना माझा अंगठा तिथेच टेकला होता! मी तो बोर्ड मुद्दाम तसाच पुढे नेला. ट्रॅक सुटले ते नेमके त्या जागेवरचे, बाकी एकही नाही. हा तो बोर्ड. मागच्या रांगेपर्यंत फिरू द्या, पण कडेने धरा.

तेव्हापासून माझा नेम ठरला. घासणी, भांड्यांचा साबण, आडवं-उभं घासणं, आणि पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट न फाटता टिकला तरच पुढे. बारीक ओरखडे हवेतच, फिल्मला पकड त्यांचीच मिळते. कापलेल्या कडांवर आधी कानस मारा. तिथली उभी राहिलेली धार फिल्मला तंबूसारखी उचलते आणि हवा आत शिरते.

फिल्म तीन थरांची: मधे रेझिस्ट, म्हणजे तांब्याला झाकणारा खरा थर, साधारण ३० ते ४० मायक्रॉन, एका बाजूला मऊ पॉलिथिन, दुसरीकडे कडक पॉलिएस्टर. कोपऱ्याला दोन्हीकडून चिकटपट्टी लावून ओढा, पॉलिथिन सुटतं. सगळं एकदम काढू नका. बोटभर काढा, ती कड टेकवा, मग एका हाताने पॉलिथिन मागे ओढत दुसऱ्याने फिल्म दाबत न्या. हवेला पळायला एकच वाट राहिली पाहिजे. मग लॅमिनेटर, म्हणजे गरम रोलरांचं यंत्र, सुमारे ११० अंश सेल्सियस. तांबं उष्णता पळवतं, म्हणून बोर्ड आधी कोमट करून दोन-तीनदा फिरवा. बुडबुडा सुईने टोचू नका. एचिंगमध्ये, म्हणजे उघडं तांबं रसायनाने विरघळवताना, तेच भोक ट्रॅकमध्ये उतरतं. सोलून नव्याने लावा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर एक्स्पोजर. फिल्म निगेटिव्ह आहे, अतिनील प्रकाश पडेल तिथे घट्ट होते. म्हणून फिल्मवर ठेवायच्या छापील नक्षीत ट्रॅक पारदर्शक, बाकी काळं. वेळ माझी विचारू नका, स्वतःची काढा: एका तुकड्यावर पुठ्ठा ठेवून दर १५ सेकंदांनी सरकवा, डेव्हलप करा, आणि जो सर्वांत कमी वेळेचा पट्टा धड टिकेल त्यापासून सुरुवात करा. दिव्याकडे पाहू नका. प्रकाश दिल्यावर १५ मिनिटं थांबा. पॉलिएस्टर तोवर राहू द्या, डेव्हलप करायच्या अगदी आधी काढायचं, कारण हवेतला ऑक्सिजन घट्ट होण्याची क्रिया अडवतो. डेव्हलपर म्हणजे १ लिटर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. एचिंगनंतर फिल्म उतरवायला कॉस्टिक सोडा; हातमोजे आणि चष्मा घालूनच.

खोलीत पिवळा दिवा लावलाय, फिल्म उघडता येईल. ज्यांनी तुकडे आणलेत त्यांनी आधी नळाकडे जा.