बर्नाबीच्या मागचा नकाशा

नमस्कार श्रोतेहो. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत एक छोटं तैलचित्र आहे, जेमतेम दोन फूट रुंद. जेम्स तिसो या फ्रेंच चित्रकारानं १८७० साली ते लाकडी फळीवर रंगवलं. चित्रातला माणूस आहे फ्रेडरिक बर्नाबी. इंग्लंडच्या घोडदळातला कॅप्टन, आणि वर्तमानपत्रांचा बातमीदारसुद्धा.

बर्नाबीची उंची सहा फूट चार इंच. एवढा धिप्पाड माणूस या फळीवर बसवायचा कसा? तिसोनं त्याला सोफ्यावर रेलू दिलं, पाय ऐसपैस पसरू दिले. त्याच्या विजारीवरचा तांबडा पट्टा चित्रभर तिरका धावतो आणि आपली नजर सोबत ओढत नेतो. टोकदार मिशा, बोटांत सिगारेट. चिलखत आणि शिरस्त्राण बाजूला काढून ठेवलेलं. पहिल्या नजरेला वाटतं, सुखात लोळणारा सरदारपुत्र! पण त्याच्या मागच्या भिंतीवर भलामोठा नकाशा आहे. माझ्या मते चित्राचा जीव त्या नकाशात आहे.

तिसोकडून हे चित्र काढवून घेतलं थॉमस गिब्सन बोल्स यानं. 'व्हॅनिटी फेअर' हे साप्ताहिक त्यानं १८६८ मध्ये काढलं, त्यात बर्नाबीचाही पैसा होता. तिसो त्याच साप्ताहिकासाठी व्यंगचित्रं काढायचा. म्हणजे हे दोस्तांच्या घरातलं चित्र. ती मोकळीक बर्नाबीच्या बसण्यात उतरली आहे.

पुढे काय झालं पाहा. १८७४ मध्ये स्पेनमधल्या यादवी युद्धाची वार्तापत्रं त्यानं 'द टाइम्स'ला पाठवली. १८७५ च्या सुरुवातीला याच पत्रासाठी तो सुदानात गेला, तिथले इंग्रज अधिकारी जनरल गॉर्डन यांना भेटला. खार्टूममध्ये एक जुनं वर्तमानपत्र हाती आलं. त्यात बातमी होती की रशियन सरकारनं मध्य आशियात परदेशी प्रवाशांना बंदी केली आहे. ती वाचली आणि या गड्यानं मध्य आशियातल्याच खिवा शहरात जायचं ठरवलं! खिवा रशियानं १८७३ मध्येच जिंकलं होतं. रशिया असाच हिंदुस्थानच्या दिशेनं सरकत येईल, ही धास्ती तेव्हा लंडनमध्ये होती. म्हणून तिथे खरं काय चाललंय, हे डोळ्यांनी पाहून लिहिणारा माणूस हवा होता. बर्नाबी कडाक्याच्या हिवाळ्यात घोड्यावरून गेला. वाटेत हिमदंशानं हात जायची वेळ आली होती. परतल्यावर १८७६ मध्ये त्यानं लिहिलेलं प्रवासवर्णन लोकांनी उचलून धरलं.

वरिष्ठांची परवानगी नसताना तो पुन्हा सुदानात गेला. खार्टूमच्या वेढ्यात अडकलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेत सामील झाला. १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्लीआच्या लढाईत तो पडला. त्यानंतर नऊ दिवसांनी खार्टूम पडलं, गॉर्डन मारला गेला.

नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं हे चित्र १९३३ मध्ये विकत घेतलं. इंटरनेटवर ते सहज सापडतं. जरूर पाहा, आणि मिशांवरून नजर काढून आधी त्या नकाशाकडे न्या.