बांधीतलं पाणी

(दृश्य: उन्हाळी धानाची बांधी. चिखलात पाय रुततो, भोवती बुडबुडे.)

गोंदिया-भंडाऱ्याकडची ही उन्हाळी धानाची बांधी. रोवणी होऊन महिना उलटलाय. पायाभोवती फुटतात ते बुडबुडे बरेचसे मिथेनचे.

पाणी साचून राहिलं की मातीला प्राणवायू मिळत नाही. त्याच्याविना जगणारे सूक्ष्मजीव मग तणीस, धसकटं कुजवतात आणि मिथेन सोडतात. बुडबुडे डोळ्यांना दिसतात, पण बहुतेक वायू धानाच्याच पोकळ नळ्यांतून वर निघून जातो. हवा तापवण्यात, शंभर वर्षांच्या हिशेबात, एक किलो मिथेन म्हणजे साधारण २७ किलो कार्बन डायऑक्साइड.

म्हणून भात खाऊ नका, असं इथं सांगायला गेलात तर चहासुद्धा मिळायचा नाही. बदलायचं ते पाणी: बांधी सतत भरलेली न ठेवता मधूनमधून सुकू द्यायची.

(दृश्य: पाइप ठोकणारे हात)

पाणी जमिनीखाली किती उतरलं ते दाखवायला ३० सेंटिमीटर लांब, १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप. खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोकं. तेवढाच भाग जमिनीत ठोकायचा, आतली माती हातानं काढायची. ती राहिली तर पाइप खोटं सांगतो. उंचवट्यावर लावला तरी तेच.

रोवणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात. तण फार असेल तर आणखी आठवडाभर थांबा. बांधी वरून सुकलेली दिसली की जीव खालीवर होतो. होऊ द्या. पाइपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की मगच ५ सेंटिमीटर भरा. तिथवर मुळं पोचतात. फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा मात्र पाणी हटू द्यायचं नाही, नाहीतर दाणे पोचट. युरिया पाणी भरायच्या तोंडावर टाका. एरवी नायट्रस ऑक्साइड वाढतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट.

एवढं जमलं तर मिथेन साधारण निम्म्यावर येतो.

अडतं कालव्यावर. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसेल, तर मिळेल तेव्हा बांधी तुडुंब भरणारा शेतकरी चुकत नाही. पाइप पंपवाल्या बांधीतच लावा. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत, त्यामुळे बिलात काही वाचत नाही. वाचतात त्या रात्रीच्या विजेवर, साप-विंचवातून पंपापर्यंतच्या खेपा.