प्रिंट दिली की मधूनच हँग: जुनं फॉक्सप्रो सांभाळणाऱ्यांसाठी

मंडळी, विषय तसा छोटा आहे, पण इथं बसलेल्यांपैकी ज्यांच्याकडे पतसंस्था, दूध संघ, आडत दुकान असली गिऱ्हाईकं आहेत त्यांना हा फोन आलेलाच असणार. "साहेब, प्रिंट दिली की मशीन हँग होतंय." आपण विचारतो, दरवेळी होतं का? तर नाही, मधूनच. काल दिवसभर बरं होतं, आज सकाळी झालं, दुपारी परत झालं, आत्ता चालतंय. आणि आपण तिथं जाऊन खुर्ची ओढून बसलो की हमखास होत नाही, चहा पिऊन परत येतो आणि गाडीला किक मारेपर्यंत फोन वाजतो.

सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी एकच, फॉक्सप्रो, म्हणजे डेटाबेस ठेवून त्यावर प्रोग्राम लिहायचं जुनं साधन. मूळ अमेरिकेतल्या ओहायोच्या फॉक्स सॉफ्टवेअरचं, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच घेतली, पुढं डॉसचं २.६ झालं, मग व्हिज्युअल फॉक्सप्रो (व्हीएफपी), त्यातलं शेवटचं ९ हे २००४ च्या डिसेंबरात आलं, २००७ ला त्यांनी सांगून टाकलं की दहावं काढणार नाही, आणि जानेवारी २०१५ ला सपोर्टही बंद. तरी आज विंडोज १० आणि ११ वर किर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स) सगळं त्यातूनच निघतंय. त्यावर हसणारे असतात, मी नाही हसत. हिशोब चोख लागतो, ऑपरेटरला माऊसला हात न लावता एंट्री मारता येते, कशाला बदलतील? अडतं ते प्रिंटिंगला, कारण प्रोग्राम जिथल्या तिथं राहिला आणि खालचं विंडोज, ड्रायव्हर, पोर्ट, नेटवर्क सगळं बदलत गेलं.

आता हँग म्हणजे काय हे आधी नीट धरा. स्क्रीन पांढरी पडते, वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं, ऑपरेटर घाबरून टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करतो, आणि तिथं टेबल उघडं असलं तर इंडेक्सचं, म्हणजे रेकॉर्ड शोधायच्या सूचीचं, दुखणं वेगळंच सुरू होतं. पण त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रामचा सीपीयू बघा, बहुतेकदा शून्य असतो. म्हणजे प्रोग्राम काहीच करत नाहीये, कोणाकडून तरी उत्तर यायची वाट बघत बसलाय. शून्य नसून एक कोअर पूर्ण खात असेल तर मामला वेगळा, मग कोडमधला लूप नाहीतर क्वेरी, म्हणजे डेटा शोधून काढणारी कमांड, बघायची. पण शून्य असेल तर आपल्याला एकच गोष्ट शोधायचीय, हा कोणाची वाट बघतोय? बाकी सगळं, म्हणजे विंडोज परत टाका, रॅम वाढवा, केबल बदला, हे मी तरी त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत करत नाही. आपल्याकडे फॉरमॅट मारायची फार घाई असते.

वाट बघण्याच्या जागा तीनच आहेत. एक म्हणजे डेटा, रिपोर्टच्या आधी जी क्वेरी चालते किंवा टेबलला लॉक लागतं ती. दुसरी, प्रोग्राम ते स्पूलर, म्हणजे विंडोजमधला प्रिंटची रांग सांभाळणारा भाग. तिसरी, स्पूलर ते प्रिंटर. ऑपरेटरला तिन्ही सारखंच दिसतं, प्रिंट दिली आणि हँग झालं. तुमच्याकडे सोर्स असेल तर रिपोर्ट फॉर्मच्या, म्हणजे रिपोर्ट काढणाऱ्या कमांडच्या, ओळीच्या आधी, नंतर, आणि क्वेरीच्या आधी, नंतर एकेक ओळ लॉग फाईलमध्ये टाका, वेळ, मशीनचं नाव, रिपोर्टचं नाव आणि त्या क्षणी सेट असलेल्या प्रिंटरचं नाव. त्याला स्ट्रटूफाईल फंक्शन आहे, तिसरा आकडा १ दिला की आधीचं न पुसता खाली जोडत जातं. हे करायला दहा मिनिटं लागत नाहीत आणि मधूनच होणाऱ्या भानगडीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, कारण आपण तिथं नसताना ती होते. चार दिवसांनी फाईल उघडली की दिसतं, अडकलेल्या प्रत्येक वेळी शेवटची ओळ कुठली आहे.

शेवटची ओळ क्वेरीच्या आधीची निघाली तर प्रिंटरचा काही संबंधच नाही. सेट रीप्रोसेस, म्हणजे लॉक मिळवायचा प्रयत्न किती वेळ करायचा ती सेटिंग, डीफॉल्टला शून्य असतं, आणि एरर पकडायची सोय केलेली नसेल तर दुसऱ्या मशीननं रेकॉर्ड लॉक करून ठेवलंय तोपर्यंत हा बिचारा प्रयत्न करतच राहतो. शेजारच्या टेबलवरची ताई एंट्री स्क्रीन उघडी ठेवून जेवायला गेली, आणि इकडं दुपारी प्रिंट अडकली. सेट रीप्रोसेसला काही सेकंदांची मर्यादा घाला आणि "अमुक मशीनवर एंट्री उघडी आहे" असा सरळ मेसेज द्या.

क्वेरी झाली आणि रिपोर्टच्या ओळीवर अडकलं, तर मजा इथं सुरू होते. फॉक्सप्रोची रिपोर्ट फाईल, ती एफआरएक्स, ही स्वतःच एक टेबल आहे, यूज करून ब्राउज करता येते. तिच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये एक्स्प्र नावाच्या फील्डमध्ये ड्रायव्हर, डिव्हाइस, आउटपुट अशा ओळी असतात आणि टॅग-टू मध्ये प्रिंटरची सगळी सेटिंग बायनरीत साठवलेली असते. कोणाच्या प्रिंटरची? ज्यानं तो रिपोर्ट शेवटचा डिझाइन करून सेव्ह केला त्याच्या! म्हणजे डेव्हलपरच्या घरचा लेझर, नाहीतर संस्थेत येऊन मॅनेजरच्या केबिनमधल्या मशीनवर बसून रकाना वाढवला असेल तर केबिनमधला प्रिंटर. असा प्रिंटर या मशीनवर मुळात नसेल तर फॉक्सप्रो डीफॉल्टवर जातं, फार बिघडत नाही. पण तो शेअर केलेला म्हणून इथंही इन्स्टॉल असेल आणि केबिनमधलं मशीन झोपलेलं असेल, तर विंडोज त्याला नेटवर्कवर शोधत बसतं आणि तेवढा वेळ आपला प्रोग्राम गप्प. एका पतसंस्थेत नेमकं हेच होतं, किर्द कधीच अडकायची नाही, तेरीज अडकायची, आणि तीही मॅनेजर साहेब वसुलीला बाहेर गेले की. लोक म्हणायचे तेरीज मोठी आहे म्हणून वेळ लागतो. तेरीज दोन पानांची होती.

उपाय सोपा. आधी एफआरएक्स आणि तिची जोडीची एफआरटी दोन्हीची कॉपी काढून ठेवा. मग पहिल्या रेकॉर्डमधले टॅग आणि टॅग-टू रिकामे करा, एक्स्प्रमधल्या ड्रायव्हर, डिव्हाइस, आउटपुट या तीन ओळी काढा, ओरिएंटेशन आणि पेपर साईजच्या ओळी राहू द्या, नाहीतर आडवा रिपोर्ट उभा निघेल आणि तुम्हाला शिव्या बसतील. रिपोर्ट एक्झीच्या, म्हणजे तयार प्रोग्राम फाईलच्या, आत असतील तर परत बिल्ड करावं लागतं. व्हीएफपी ९ मध्ये रिपोर्ट मेनूत प्रिंटर एन्व्हायरन्मेंट सेव्ह करायची खूण असते, ती काढून ठेवा म्हणजे परत भरणार नाही.

इथंच एक गोष्ट, बरेच जण म्हणतात "प्रिंट नाही हो, नुसता प्रिव्ह्यू बघतानाच अडकतं, म्हणजे प्रिंटरचा दोष नाही." चूक. फॉक्सप्रो प्रिव्ह्यूसाठीसुद्धा प्रिंटरच्या ड्रायव्हरलाच विचारतं की कागद किती रुंद, अक्षर किती जागा घेणार. प्रिव्ह्यूला अडकणं हा तर पुरावाच आहे की कागद, रिबन, केबल सोडून ड्रायव्हरकडं बघा.

आता विंडोज १० ची देणगी. २०१५ च्या नोव्हेंबरात आलेल्या १५११ व्हर्जनपासून सेटिंगमध्ये एक खूण असते, लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर. ती चालू असली की तुम्ही शेवटचा जो प्रिंटर वापरला तोच डीफॉल्ट होतो. सकाळी कोणीतरी ब्राउझरमधून जीएसटीचं चलन पीडीएफ म्हणून सेव्ह केलं, डीफॉल्ट झाला मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ, नंतर फॉक्सप्रोमधून पावती मारली, आणि तो पीडीएफवाला फाईलचं नाव विचारायची खिडकी उघडतो. ती खिडकी उघडते मेन स्क्रीनच्या मागं! ऑपरेटरला दिसत नाही, प्रोग्राम नावाची वाट बघतोय, ऑपरेटर प्रिंटची. ऑल्ट-टॅब मारलं की सापडते. ती खूण पहिल्यांदा काढायची, हे मी आता फोनवरच सांगतो आणि कितीतरी फेऱ्या वाचतात.

मग येतो एसपीएलवाव६४, स्पेलिंग विचित्र आहे, टास्क मॅनेजरमध्ये एस-पी-एल-डब्ल्यू-ओ-डब्ल्यू असं दिसेल. फॉक्सप्रो ३२ बिटचं आणि विंडोज, ड्रायव्हर ६४ बिटचे, तर मधला दलाल हा. ड्रायव्हर कच्चा असेल तर हा अडकतो आणि याच्यामागं आपला प्रोग्राम. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये आपल्या एक्झीवर राइट क्लिक करून अ‍ॅनालाइज वेट चेन बघा, कोण कोणासाठी थांबलंय हे विंडोज स्वतः सांगतं. ही सोय फार कमी लोक वापरतात. तिथं हा दिसला तर आपला प्रोग्राम न मारता फक्त याला एंड टास्क करा, बऱ्याचदा प्रोग्राम जिवंत होतो, टेबलं वाचतात, आणि मग ड्रायव्हर बदलायच्या मागं लागा.

ड्रायव्हर की प्रिंटर हे वेगळं करायला मी एक युक्ती करतो. त्याच ड्रायव्हरनं दुसरा प्रिंटर अ‍ॅड करायचा, पण पोर्ट म्हणून नवीन लोकल पोर्ट, नाव एनयूएल आणि पुढं कोलन. त्याच्यावर पाठवलेलं सगळं हवेत जातं. त्यावरही अडकलं तर ड्रायव्हर दोषी, त्यावर कधीच नाही अडकलं तर पोर्टापासून पुढं बघा. आणि मूळ प्रिंटर पॉज करून प्रिंट द्या, जॉब रांगेत पडून प्रोग्राम लगेच मोकळा झाला तर प्रोग्राम ते स्पूलर ठीक आहे.

पोर्टापासून पुढं आपल्याकडं काय काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. झाडताना यूएसबी निघाली, दुसऱ्या भोकात घातली, विंडोजनं कॉपी १ नावाचा नवा प्रिंटर केला आणि जुना ऑफलाईन. नेटवर्क प्रिंटरला राउटरनं नवीन आयपी दिला. डब्ल्यूएसडी पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा प्रिंटर विंडोजनं आपणहून शोधून जोडलेला, असेल तर तो काढून टीसीपी/आयपी पोर्ट करा, प्रिंटरला फिक्स आयपी द्या, आणि पोर्टच्या कॉन्फिगरेशनमधली एसएनएमपी स्टेटसची (विंडोज नेटवर्कवरून प्रिंटरची हालत विचारतं ती) खूण काढून बघा, चांगला चालू प्रिंटर ऑफलाईन दिसायचं ते एक मोठं कारण आहे. २०२१ च्या जुलैत ते प्रिंट नाइटमेअर, म्हणजे स्पूलरमधल्या सुरक्षेच्या भगदाडाचं, प्रकरण झालं, सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर प्रिंटर शेवटी ११बी असलेला एरर द्यायला लागले, ते दुखणं वेगळं, तिथं सरळ नकार येतो, अडकत नाही. दोन्ही मिसळू नका.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांनी मात्र प्रॉपर्टीजमधला अ‍ॅडव्हान्स्ड टॅब बघाच. तिथं प्रिंट डायरेक्टली टू द प्रिंटर असं सिलेक्ट केलेलं असतं, कोणीतरी कधीतरी "स्पीड वाढतो" म्हणून केलेलं. मग स्पूलिंग होतच नाही, प्रिंटर जेवढं घेईल तेवढंच प्रोग्राम पुढं सरकणार, आणि कागद संपला, कागद ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये अडकला, कोणी ऑनलाइनचं बटण दाबलं की प्रोग्राम जागीच. स्पूल प्रिंट डॉक्युमेंट्स करा. आणि रिपोर्टमध्ये एखादी ओळ जरी विंडोजच्या मराठी फॉन्टात असेल तरी ड्रायव्हर ती चित्र म्हणून पाठवतो, हेड चार-चार वेळा फिरतं, ऑपरेटरला वाटतं अडकलं. पासबुक आणि पावत्या जिथं इंग्रजीत चालतात तिथं जेनेरिक टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हर टाकून साधी टेक्स्ट फाईल पाठवा, सर्रकन निघतं.

स्पूलरच भरून बसला असेल तर अ‍ॅडमिन होऊन नेट स्टॉप स्पूलर, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातल्या प्रिंटर्समधल्या फायली उडवायच्या, नेट स्टार्ट स्पूलर. पण हे रोज करायला लावणारी बॅच फाईल डेस्कटॉपवर ठेवून बिल घेऊ नका राव, मी पाहिलंय तसं. त्याऐवजी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग चालू करा, तो मुळात बंद असतो. छापलेल्या प्रत्येक जॉबची ३०७ नंबरची नोंद येते, ती तुमच्या लॉग फाईलच्या वेळेशेजारी ठेवली की कळतं अडकलेला जॉब स्पूलरपर्यंत पोचला होता का.

मागून एकांनी विचारलंय, शाखा रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुरून मुख्य मशीनवर लॉगिन करून चालवायला, घेतल्यात आणि तिथं हे जास्त होतं. होणारच, कारण तिथं प्रिंटरच्या नावापुढं रीडायरेक्टेड आणि सेशनचा नंबर लागतो, लाइन तुटून परत लॉगिन केलं की नंबर बदलतो, आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये कालचं नाव लिहिलेलं असतं. नाव फिक्स लिहू नका. ए-प्रिंटर्स फंक्शननं यादी घ्या, कंसाच्या आधीचा भाग जुळवा, आणि जो सापडेल तो सेट प्रिंटर टू नेमनं लावा, तेही लॉगिनला एकदा लावून न ठेवता प्रत्येक प्रिंटच्या आधी. यादीत सापडलाच नाही तर रिपोर्ट चालवूच नका, मेसेज द्या की शाखेचा प्रिंटर जोडलेला नाही, आणि लॉगमध्ये ती पूर्ण यादी लिहून टाका.