रिंगच्या खालचा खेळ

मित्रहो, महिलांच्या बास्केटबॉलबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो. डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये ठोकणं) नाही, उडी कमी, वेग कमी. मग बघायचं कशाला? आज मी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल, त्यातही मुलींच्या खेळाबद्दल बोलणार आहे, आणि या आक्षेपापासूनच सुरुवात करणार आहे. कारण त्यातला डंकचा मुद्दा खरा आहे. महिलांच्या कॉलेज सामन्यातला पहिला डंक वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जॉर्जिॲन वेल्सने मारला, डिसेंबर १९८४ मध्ये. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिला डंक पडायला २००६ साल उजाडलं, तो टेनेसीच्या कँडेस पार्करचा. आजही वर्षभरात असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. पुरुषांच्या एखाद्या चांगल्या सामन्यात तेवढे एका हाफमध्ये होऊन जातात.

आता दुसरी बाजू बघा. मुलींचा चेंडू थोडा लहान असतो. त्याचा घेर साडेअठ्ठावीस इंच, मुलांच्या चेंडूचा साडेएकोणतीस. हा बदल १९८४-८५ च्या हंगामापासून झाला. रिंग मात्र दोघांनाही दहा फुटांवरच. म्हणजे उंचीने आणि उडीने कमी असलेल्या खेळाडूंपुढे अडचण तीच ठेवलेली आहे, आणि ती वरून सोडवता येत नाही. ती खालूनच सोडवावी लागते: पासने, कटने (एकदम दिशा बदलून धावणं), स्क्रीनने (जोडीदारासाठी डिफेंडरची वाट अडवून उभं राहणं), पायांच्या कामाने आणि बाहेरच्या शॉटने. माझं म्हणणं आहे की मुलींच्या खेळाची सगळी गोडी इथून येते. ती पुरुषांच्या खेळाची कमी ताकदीची नक्कल नाही. त्याच मैदानावर, त्याच रिंगवर शोधलेलं ते वेगळं उत्तर आहे.

एकच चाल जवळून पाहू. चेंडू मध्यभागी गार्डच्या, म्हणजे चाल रचणाऱ्या खेळाडूच्या, हातात आहे. बाजूला, थ्री पॉइंट लाइनवर (जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन गुण) तिची जोडीदार उभी. जोडीदारावरची डिफेंडर पास तोडण्यासाठी हात पुढे करून अर्धं पाऊल आत सरकलेली. जोडीदार चेंडू घ्यायला यावं तसं एक पाऊल बाहेर टाकते, तळवा दाखवते. डिफेंडर आणखी पुढे झुकते. तेवढ्यात जोडीदार बाहेरच्या पायावर जोर देऊन वळते आणि डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे सुटते. गार्डने पाहिलेलं असतं ते डिफेंडरच्या खांद्याकडे. खांदा झुकला की बाउन्स पास निघालाच. कट पूर्ण व्हायची वाट ती बघत नाही. चेंडू आणि खेळाडू एकाच वेळी रिंगखाली पोचतात आणि साधा ले-अप, म्हणजे रिंगजवळून हलकेच टाकलेला शॉट, होतो. याला बॅकडोअर म्हणतात. पुरुषांच्या सामन्यातही ही चाल होते, पण तिथे पलीकडच्या बाजूला उभा असलेला जवळपास सात फुटी सेंटर दोन ढांगांत येऊन तो ले-अप बोर्डावर ठोकू शकतो. त्यामुळे तिथे संघ वरून लॉब (उंच पास) टाकणं पसंत करतात. ते त्यांच्यासाठी बरोबरच आहे. मुलींच्या खेळात ती वाट जरा जास्त वेळ उघडी राहते, म्हणून ती शोधण्याची कला जिवंत राहिली. मी मुलींना शिकवते तेव्हा त्यांना दाखवायला अमेरिकी कॉलेजच्या मुलींचेच सामने लावते, कारण तिथे दिसलेली गोष्ट त्या दुसऱ्या दिवशी सरावात करून बघू शकतात.

हे मत माझं एकटीचं नाही. यूसीएलए विद्यापीठाच्या पुरुष संघाला दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे जॉन वूडन यांना उतारवयात महिलांच्या चांगल्या संघांचा खेळ अधिक शुद्ध वाटायचा, आणि ते तसं उघडपणे बोलायचे. त्यांच्या संघाचा सलग ८८ विजयांचा विक्रम डिसेंबर २०१० मध्ये मागे टाकला तोही कनेटिकटच्या मुलींनी.

संथपणाच्या आरोपाचा इतिहास तर फार थोड्यांना माहीत आहे. महिलांचं कॉलेज बास्केटबॉल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ३० सेकंदांच्या शॉट क्लॉकवर (तेवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो) खेळलं जात होतं. पुरुषांच्या कॉलेज खेळात तेव्हा असं बंधनच नव्हतं. १९८२ मध्ये एसीसी या विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्यात एका बाजूला नॉर्थ कॅरोलिनाकडे मायकल जॉर्डन, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसन, आणि निकाल काय, तर ४७-४५. नॉर्थ कॅरोलिनाने शेवटी चेंडू नुसता आपसात फिरवत ठेवला होता. पुरुषांना शॉट क्लॉक आला १९८५-८६ मध्ये, तोही ४५ सेकंदांचा. ३० वर यायला त्यांना २०१५ साल लागलं. त्याच वर्षी मुलींनी दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर स्वीकारले, आणि मुलं अजून वीस-वीस मिनिटांचे दोन हाफच खेळतात.

आता मी तुम्हाला आयोवा राज्यात नेते, कारण या खेळाची लोकप्रियता अलीकडची आहे हा दुसरा गैरसमज तिथे पुरता गळून पडतो.

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला. थोड्याच महिन्यांत जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. पण मुलींना इतकी धावपळ झेपणार नाही ही त्या काळची समजूत. म्हणून मैदानाचे तीन भाग, आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकावायचा नाही, तीनपेक्षा जास्त ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं) नाहीत. यातूनच पुढे सहा जणींचा खेळ आला. तीन जणी एका अर्ध्या भागात फक्त बास्केट करणाऱ्या, तीन जणी दुसऱ्या अर्ध्या भागात फक्त अडवणाऱ्या, मधली रेषा कुणी ओलांडायची नाही आणि ड्रिबल फक्त दोन. बंधनं घालणाऱ्यांचा हेतू काहीही असो, दोन ड्रिबलमध्ये खेळायचं म्हणजे पास आणि शॉट यांवाचून गत्यंतर नाही.

आयोवाच्या शाळांनी हा खेळ १९९३ पर्यंत जपला. छोट्या छोट्या शेतकरी गावांच्या शाळा, आणि डे मॉईनला राज्य स्पर्धा असली की प्रेक्षागृह खच्चून भरलेलं. १९६८ चा अंतिम सामना तिथले जुने लोक अजून सांगतात. युनियन-व्हिटनने एव्हर्लीला जादा वेळेत ११३-१०७ असं हरवलं. युनियन-व्हिटनच्या डेनीस लाँगचे ६४ गुण. हरलेल्या संघाच्या जीनेट ओल्सनचे ७६! पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने डेनीस लाँगचं नाव चक्क एनबीएच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतलं. ते मान्य झालं नाही, पण नाव घेतलं गेलं. शिक्षणसंस्थांतला लिंगभेद रोखणारा टायटल नाइन हा कायदा यायला तेव्हा अजून तीन वर्षं होती. म्हणजे मुलींचा सामना बघायला गर्दी करण्याची सवय या लोकांना कायद्याने लावली नाही, ती आधीपासूनच होती.

जॅन जेन्सन याच मुशीतल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी, १९८७ मध्ये, सहा जणींच्या खेळात सामन्यामागे सरासरी ६६ गुण. पुढे त्या आयोवा विद्यापीठात लिसा ब्लूडर यांच्या सहप्रशिक्षक झाल्या, आणि २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक. या दोघींच्या हाताखाली डे मॉईनशेजारच्या वेस्ट डे मॉईन शहरातली एक मुलगी २०२० मध्ये खेळायला आली. केटलिन क्लार्क.

क्लार्कबद्दल तुम्ही ऐकलं असेल, पण लोक तिचे लांबचे शॉट तेवढे सांगतात. १५ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनविरुद्ध तिला केल्सी प्लमचा एनसीएएतला महिलांचा ३,५२७ गुणांचा विक्रम मोडायला आठ गुण हवे होते. सामना सुरू होऊन जेमतेम सव्वादोन मिनिटं झाली आणि मध्यवर्तुळाच्या लोगोजवळून मारलेल्या थ्री पॉइंटरने तो मोडलासुद्धा. तिने त्या रात्री ४९ गुण केले. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते त्याच सामन्यातले तिचे १३ असिस्ट, म्हणजे ज्यांतून बास्केट झाली ते पास. इतक्या लांबून शॉट बसतो म्हटल्यावर डिफेन्सला तीस फुटांवर पुढे यावं लागतं, मागे मैदान मोकळं पडतं, आणि त्या मोकळ्या जागेत ती पास सोडते. दोन ड्रिबलच्या परंपरेतल्या प्रशिक्षकांनी तिला दिलेला हा हिरवा कंदील होता असं मी मानते. कॉलेज सोडताना तिचे ३,९५१ गुण होते. पुरुषांमधला पीट मॅराविचचा ३,६६७ चा आकडा तिने मार्चमध्येच पार केला होता. मॅराविचला फक्त तीन हंगाम मिळाले होते आणि त्या काळी थ्री पॉइंटर नव्हता, हेही सांगायला हवं. लिनेट वुडार्डचे कॅन्ससकडून खेळतानाचे ३,६४९ गुण एनसीएएच्या खात्यात धरले जात नाहीत, कारण तेव्हा महिलांची स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना घेत असे. हे मला आजही खटकतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाने फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये उघड्यावर लाकडी मैदान मांडून डीपॉलशी प्रदर्शनी सामना खेळला. माणसं आली ५५,६४६. पुढच्या एप्रिलमधल्या अंतिम फेरीत दक्षिण कॅरोलिनाने आयोवाला ८७-७५ हरवून ३८-० असा हंगाम पूर्ण केला. तो सामना सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख. महिलांचा सामना सर्वांना फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर होता आणि पुरुषांचा केबलवर, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरी असं आधी कधीच झालं नव्हतं.

एवढी ओढ कशातून येते? एक मोठं कारण म्हणजे खेळाडू टिकतात. एनबीएच्या वयाच्या नियमामुळे मुलांमधला गुणी खेळाडू एक वर्ष कॉलेजात काढतो आणि निघून जातो. अँथनी डेव्हिसने केंटकीला २०१२ चं विजेतेपद दिलं ते त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या हंगामात. महिलांच्या व्यावसायिक लीगची, डब्ल्यूएनबीएची, अट मात्र अशी की अमेरिकी खेळाडूने २२ वर्षांचं असावं किंवा पदवीचा टप्पा गाठलेला असावा. त्यामुळे मुलगी अठराव्या वर्षी येते आणि प्रेक्षक तिला घडताना बघतात. पेज बेकर्सचंच बघा. कनेटिकटला ती २०२० मध्ये आली, गुडघा गेला, अख्खा एक हंगाम बाकावर काढला, आणि पाचव्या वर्षी, २०२५ मध्ये, दक्षिण कॅरोलिनाला ८२-५९ हरवून विजेतेपद घेऊन गेली. आता ट्रान्सफरचे, म्हणजे कॉलेज बदलण्याचे, नियम सैल झालेत. हेली व्हॅन लिथ लुईव्हिल, एलएसयू आणि टीसीयू अशा तीन संघांकडून खेळली. त्यामुळे ही जमेची बाजू पातळ होत चालली आहे, आणि त्याची मला काळजी वाटते.

मुलींचा खेळ कुठे कमी पडतो तेही सांगते. खोली, म्हणजे वरच्या संघांपलीकडची ताकद, कमी पडते. वरचे वीस-पंचवीस संघ आणि बाकीचे यांच्यातलं अंतर पुरुषांपेक्षा बरंच मोठं आहे. १९९८ मध्ये सोळाव्या, म्हणजे गटात तळाच्या, मानांकित हार्वर्डने पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ हरवलं; पुरुषांमध्ये असा उलटफेर व्हायला आणखी वीस वर्षं लागली. पण मुलींमध्ये तो पुन्हा झालेला नाही. २०१६ च्या स्पर्धेत कनेटिकटने मिसिसिपी स्टेटला ९८-३८ असं चिरडलं. साठ गुणांचा फरक, तोही शेवटच्या सोळांत! असे सामने बघवत नाहीत, मी त्यांची वकिली करणार नाही.

पण पुढच्याच वर्षी, ३१ मार्च २०१७ ला, उपांत्य फेरीत तेच दोन संघ समोरासमोर आले. कनेटिकट सलग १११ सामने जिंकून आलेलं. सामना जादा वेळेत गेला, आणि तिथेही ६४-६४ अशी बरोबरी. शेवटचे सेकंद, चेंडू मिसिसिपी स्टेटच्या मॉर्गन विल्यमच्या हातात. उंची पाच फूट पाच इंच, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या संघात शोभेल अशी. ती उजवीकडे ड्रिबल करत गेली, थांबली, उंच डिफेंडरच्या हातावरून शॉट सोडला, आणि भोंगा वाजत असताना चेंडू जाळीतून पडला. ६६-६४. अंतिम सामन्यात त्यांना दक्षिण कॅरोलिनाने हरवलं, पण एका वर्षात साठ गुणांची दरी त्यांनी भरून काढली होती. चांगले प्रशिक्षक आणि पैसा मिळाला की खोली वाढते, हे त्यातून दिसतं.

आणि पैशाचं काय होतं? २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत सॅन अँटोनियोला मुलींना व्यायामासाठी डंबेलचं एक छोटं रॅक ठेवलं होतं. इंडियानापोलिसला मुलांसाठी अख्खं सभागृह सजवलेलं. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने त्याचा व्हिडिओ टाकला तेव्हा जगाला कळलं. ‘मार्च मॅडनेस’ हे मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं नावसुद्धा मुलींच्या स्पर्धेला २०२२ पर्यंत वापरू दिलं नव्हतं. प्रक्षेपणाचे हक्क इतर २८ स्पर्धांबरोबर एका गाठोड्यात, वर्षाला सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरला विकलेले. २०२४ च्या नव्या करारात एकट्या महिला बास्केटबॉलची किंमत वर्षाला साडेसहा कोटी डॉलर धरली आहे. स्पर्धेत जिंकलेल्या सामन्यांचा मोबदला महिला संघांच्या विभागांना (विद्यापीठांच्या गटांना) मिळायला लागला तो २०२५ पासून. ज्या खेळाला इतकी वर्षं असं वागवलं, त्याच्या दर्जाची तुलना करताना हा हिशोब बाजूला ठेवता येणार नाही.

२०२५ मध्ये क्लार्क कॉलेजात नव्हती. अंतिम सामन्याचे प्रेक्षक ८५ लाखांवर आले आणि पुरुषांचे १ कोटी ८१ लाखांवर गेले. फुगा फुटला असं काही जण म्हणाले. मला तसं वाटत नाही, कारण क्लार्क येण्याआधीच्या कित्येक वर्षांत ८५ लाखांच्या जवळपासही कुणी गेलं नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी वेळ काढा. पहिल्या दोन फेऱ्या वरच्या मानांकित संघांच्या घरच्या मैदानावर होतात, वातावरण तिथेच सर्वांत चांगलं असतं; पण दुबळ्या संघांचे सामने सोडून द्या आणि शेवटच्या सोळांपासून नीट बसा. आपल्याकडे ते मध्यरात्री किंवा पहाटे दिसतात. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे न बघता, ज्यांच्या हातात चेंडू नाही त्या चौघींकडे बघा. त्यानंतर पुरुषांचा सामना लावा आणि त्यातही तेच करा. आता तुमचे प्रश्न घेऊ.