पटावरची नावं

श्रोतेहो, नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळेला जुनी माणसं अजूनही 'मराठी शाळा'च म्हणतात. करवीर तालुक्यातल्या अशाच शाळांत माझी नोकरी झाली. या शाळा आपल्या दारापर्यंत कशा आल्या, ते आज सांगावंसं वाटतं.

कोल्हापूरजवळ, नद्यांच्या संगमावर प्रयाग चिखली हे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१८ मध्ये त्याची सुरुवात या चिखलीतून झाली. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं हीच मागणी केली होती. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं, ते पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात हे आधीच करून दाखवलं होतं. त्याच वाटेनं आपलं संस्थान गेलं.

पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलंय. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. सक्ती करायची तर फी मागता येत नाही, मास्तर द्यावा लागतो, बसायला जागा द्यावी लागते. म्हणजे महाराजांनी स्वतःलाही बांधून घेतलं. इमारती कुठून असणार? देवळात, चावडीत, धर्मशाळेत, मिळेल तिथं वर्ग भरले. १९१९ मध्ये तर अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. एका बैठकीवर बसायचं. त्या काळच्या गावात ही किती अवघड गोष्ट असेल, याचा विचार करा.

पुढं १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडं गेल्या.

शाळेचा खरा इतिहास मात्र कपाटातल्या जनरल रजिस्टरात, म्हणजे मुलांच्या दाखल्याच्या नोंदवहीत असतो. जाड पुठ्ठा, कडेला वाळवीची नक्षी, तपकिरी झालेली शाई. जन्मतारखेच्या रकान्यात बघावं तर एकाखाली एक, एक जून, एक जून, एक जून. आईला आठवायचं ते एवढंच, की पोर सुगीत झालं किंवा मोठ्या पुरात झालं. मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि एक जून लिहून टाकायचे. आमच्या भागातली कितीतरी माणसं तीच जन्मतारीख लावून नोकरीत चढली आणि त्याच हिशेबानं निवृत्त झाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गावात शिरली. चिखली, आंबेवाडी पाण्यात गेली, माणसं बोटीतून काढली. तेव्हा मी नदीकाठच्याच एका शाळेवर होतो. पाणी पायरीला लागलं तसं आम्ही दोघा शिक्षकांनी आधी रजिस्टरं वरच्या माळ्यावर टाकली. बाकं, फळे, तांदळाची पोती खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर वर्गात गुडघाभर गाळ होता, पण एकही नाव पुसलं गेलं नव्हतं.

आता कमी पटाच्या शाळा एकत्र करायची भाषा ऐकू येते. वाडीवरची सहा वर्षांची पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावी कशी जाईल, हे मला कुणी सांगावं. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

त्या पुरानंतर दाखले काढायला रीघ लागली. सत्तरीतल्या एक आजी आल्या. घरातले सगळे कागद वाहून गेलेले. रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं. तिसरीतून शाळा सोडलेली, कारणाच्या रकान्यात 'घरकाम'. मी वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "गुरुजी, माझं नाव कुठं हाय, तिथं जरा बोट ठेवा." मी ठेवलं. मग त्यांनी स्वतः एकेक अक्षर लावत ते वाचलं.

नमस्कार.